परतीचे तिकीट कोणाच्या खिशात? स्वारगेट ते मॉस्को : लोककलावंतांच्या परदेशप्रवासाचा कागदोपत्री इतिहास (थ्रेड)

१/ दरवर्षी १ ऑगस्टला स्वारगेटहून सारसबागेकडे जाणारा रस्ता हलगीच्या आवाजाने भरून जातो. सारसबागेजवळच्या लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या पुतळ्याला हार घालण्यासाठी पुण्यातून आणि आसपासच्या गावांतून माणसे येतात. कोणी एसटीने येतो, कोणी पीएमपीने, कोणी पायी. दिवसभर पोवाडे होतात, भाषणे होतात आणि संध्याकाळी गर्दी पुन्हा स्वारगेटच्या स्थानकाकडे वळते.

२/ अण्णाभाऊंचा आणखी एक पुतळा मॉस्कोत आहे. तेथील परकीय साहित्याच्या सुप्रसिद्ध ग्रंथालयात सप्टेंबर २०२२ मध्ये तो बसवला गेला. या दोन पुतळ्यांमध्ये एक प्रवास आहे. १९६१ मध्ये अण्णाभाऊ सोव्हिएत देशात गेले आणि परतल्यावर त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. या प्रवासाचा गौरव पुष्कळ झाला. असा प्रवास ज्या कागदांवर अवलंबून असतो, त्या कागदांचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो.

३/ तो सांगण्याचे कारण आजचे आहे. परदेशातील महाराष्ट्र मंडळे, विद्यापीठे आणि महोत्सव मराठी लोककलावंतांना बोलावतात. निमंत्रण येते, गावात सत्कार होतो, आणि मग व्हिसाच्या खिडकीपाशी प्रवास अडतो. या थ्रेडचे म्हणणे एवढेच आहे : कलावंत परत येईल याची हमी एके काळी कायदा त्याला बोलावणाऱ्याकडून घेत असे. आज ती मुख्यतः कलावंताकडूनच मागितली जाते. हा बदल अन्यायकारक आहे, आणि त्याची बरीचशी दुरुस्ती मराठी समाजाच्या हातात आहे.

४/ सुरुवात स्वारगेटच्या नावापासून करणे योग्य ठरेल. या नावातला ‘स्वार’ घोडेस्वारांच्या चौकीशी जोडला जातो आणि ‘गेट’ इंग्रजी अमदानीतल्या नाक्याशी. शहराच्या दक्षिण वेशीवर येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी व्हावी, यासाठी ही जागा. नाका दोन कामे करतो : आतल्यांचे रक्षण आणि बाहेरच्यांची अडवणूक. कलावंतांच्या प्रवासाचे कायदेही याच दोन कामांमध्ये हेलकावत आले आहेत.

५/ १८८५ चा हिवाळा, लंडन. ‘लिबर्टी’ या प्रसिद्ध कापड व शोभेच्या वस्तूंच्या दुकानाने बॅटरसी पार्कमध्ये ‘भारतीय खेडे’ उभारले. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ४० कारागीर आणि खेळ करणारे नेण्यात आले. त्यांत विणकर होते, नर्तकी होत्या, गारुडी आणि जादूगार होते. त्यांनी तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर ‘खेड्यातले जीवन’ जगायचे, अशी कल्पना होती.

६/ लंडनच्या थंडीत ही कल्पना फसली. मुक्कामाची सोय अपुरी होती, प्रेक्षक अपेक्षेइतके आले नाहीत, धंदा तोट्यात गेला. करार, मोबदला आणि परतीचा प्रवास यांबाबत तक्रारी झाल्या. हजारो मैलांवर, अनोळखी भाषेत, कलावंताच्या हाती केवळ बोलावणाऱ्याचा शब्द होता. हा शब्द मोडला तर दाद कोठे मागायची, हा प्रश्न त्या हिवाळ्यात उघडा पडला.

७/ त्याच काळात हजारो मजूर गिरमिट करून नाताळ, फिजी, मॉरिशस, त्रिनिदादकडे जात होते. ‘गिरमिट’ हा ‘अॅग्रीमेंट’ या शब्दाचा अपभ्रंश. या पद्धतीविरुद्ध कायदेमंडळात सर्वांत ठामपणे बोलणारे गृहस्थ पुण्याचे होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये नाताळला मजूर पाठवणे थांबवण्याचा ठराव आणला आणि तो मान्य झाला. १९१२ मध्ये त्यांनी संपूर्ण पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला, तेव्हा तो फेटाळला गेला.

८/ गोखले १९१५ मध्ये गेले. त्यांच्यामागे काही वर्षांतच गिरमिट संपले आणि १९२२ मध्ये नवा देशांतर कायदा आला. इतिहासप्रेमींनी या कायद्यातली एक व्याख्या आवर्जून पाहावी. परदेशी ‘कुशल काम’ म्हणजे काय, हे सांगताना कायदा कारागिरांचा उल्लेख करतो, उपाहारगृहातल्या आणि घरकामाच्या नोकरांचा करतो, आणि त्याच ओळीत प्रदर्शन किंवा करमणुकीसाठी जाणाऱ्यांचाही करतो. म्हणजे जलसा, सर्कस, खेळ, नाच यांसाठी नेला जाणारा कलावंत कायद्याच्या कक्षेत आला.

९/ अशा माणसांना परदेशी नेऊ इच्छिणाऱ्याने आधी सरकारची परवानगी घ्यायची. किती जण नेणार, कोठे, कोणत्या अटींवर, त्यांच्या राहण्याची आणि प्रकृतीची व्यवस्था काय, मुदत संपल्यावर त्यांना परत कसे आणणार, हे लिहून द्यायचे. शिवाय या अटी पाळल्या जातील यासाठी तारण ठेवायचे. कलावंत परत येईल का, हा प्रश्न कलावंताला विचारलाच जात नव्हता. तो परत येईल हे पाहणे, ही नेणाऱ्याची जबाबदारी होती.

१०/ या कायद्याला आदर्श म्हणण्याचे कारण नाही. तो परक्या सत्तेचा होता. कलावंताला तो पाल्यासारखा वागवी आणि त्याच्या कलेला चाकरीच्या रांगेत बसवी. परवानगी देणारा अधिकारी लोकांना उत्तरदायी नव्हता. पण त्यातले एक तत्त्व पक्के होते : ज्याच्या हाती पैसा आणि निमंत्रण, त्याच्याच गळ्यात जबाबदारी. पुढच्या शंभर वर्षांत हे तत्त्व हळूहळू मागे पडत गेले.

११/ आता पुन्हा अण्णाभाऊंकडे. १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगावात जन्म. शाळा अवघी दीड दिवसाची. लहानपणी आईवडिलांबरोबर वाटेगावहून मुंबईपर्यंतचा प्रवास पायी. मग गिरणी, चाळ, मोर्चे, आणि १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह ‘लाल बावटा कलापथक’. त्याआधीच, १९४३ मध्ये, त्यांनी स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला होता. जो देश पाहिला नव्हता, त्याच्यावरचा पोवाडा कामगारवस्तीत गाजत होता.

१२/ पोवाडा १९४३ चा, प्रवास १९६१ चा. ओढ आणि प्रवास यांत १८ वर्षांचे अंतर आहे. ती वर्षे कशी होती, हे ध्यानात घ्यावे लागते. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. पथकांनी ‘लोकनाट्य’ या नावाने वाट काढली. डाव्या चळवळीतल्या कलावंतांवर पोलिसांची नजर होती. नाटकांवर १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याची छाया होतीच. ज्या कलावंताला गावातल्या प्रयोगासाठी परवानगीची धास्ती, त्याला पासपोर्ट ही फारच दूरची गोष्ट.

१३/ कारण त्या काळी पासपोर्ट हा हक्क नव्हता. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या नागरिकाला तो कोणत्या निकषांवर द्यायचा किंवा नाकारायचा, हे सांगणारा कायदाच अस्तित्वात नव्हता. सरकारला वाटले तर मिळे, न वाटले तर न मिळे. नकाराचे कारण देण्याचे बंधन नव्हते. कलावंताच्या बाबतीत याचा अर्थ असा की, देशाबाहेर कोणती कला आणि कोणता कलावंत दिसावा, हे सचिवालयातल्या एखाद्या टिपणीवर ठरू शकत असे.

१४/ अण्णाभाऊ अखेर गेले ते इंडो-सोव्हिएत कल्चरल सोसायटीच्या वतीने. त्यांच्याकडे पदवी नव्हती, बँकेतली शिल्लक नव्हती, नावावर इस्टेट नव्हती. होते ते साहित्य आणि त्यामागचा लोकांचा विश्वास. ‘फकिरा’ कादंबरी नुकतीच प्रसिद्ध होऊन गाजली होती. त्यांच्यामागे एक संस्था उभी राहिली, म्हणून प्रवास घडला. ते परत आले आणि मराठीला एक प्रवासवर्णन मिळाले. त्यांच्या परतीची शंका घेणारा अर्ज आज कसा दिसला असता, ते पुढे येईलच.

१५/ सहा वर्षांनी चित्र पालटले. सतवंतसिंग सोहनी या व्यावसायिकाचा पासपोर्ट सरकारने परत मागितला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल १९६७ मध्ये न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला : परदेशी जाण्याचा अधिकार हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि कायद्यावाचून तो हिरावता येत नाही. त्याच वर्षी संसदेने पासपोर्ट कायदा केला. नकार देताना कारणे नोंदवण्याचे बंधन आले, अपिलाची सोय झाली.

१६/ पण प्रवासाच्या वाटेवर दोन नाके असतात. पासपोर्ट हा आपल्या देशाचा नाका, व्हिसा हा दुसऱ्या देशाचा. पहिला नाका न्यायालयाने बराच मोकळा केला. दुसऱ्यावर भारतीय न्यायालयाचा अंमल चालत नाही. त्यामुळे १९६७ नंतर कलावंतांच्या अडचणीचे केंद्र आपल्या सरकारी कार्यालयांतून परदेशी वकिलातींच्या खिडकीवर सरकले.

१७/ सरकार स्वतः पाठीशी असले की ही खिडकी झटकन उघडते. १९५० मध्ये मौलाना आझादांच्या पुढाकाराने भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन झाली. तिच्यामार्फत गेलेल्या पथकांचे तिकीट, मुक्काम आणि कागदपत्रे यांची सोय सरकारी पातळीवर होत असे. १९८५ मध्ये अमेरिकेत भरलेल्या भारत महोत्सवात तर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या प्रांगणात आपल्या रस्त्यांवरचे जादूगार, कसरतपटू आणि कळसूत्री बाहुल्यांचे खेळिये सन्मानाने खेळ करत होते.

१८/ या कलावंतांपैकी अनेक जण दिल्लीच्या वस्तीतले होते, आणि दिल्लीत तेव्हा १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा लागू होता. या कायद्यात भीक मागण्याच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करून दाखवणे यांच्या निमित्ताने पैसे मागणेही येते. वॉशिंग्टनमध्ये जो राष्ट्राचा सांस्कृतिक प्रतिनिधी, तोच घरी परतून चौकात खेळ मांडताच कायद्याच्या नजरेत भिकारी. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्याची प्रमुख कलमे तेथे रद्द ठरवली.

१९/ हा कायदा मूळचा आपल्या राज्याचा. स्वारगेटच्या जेधे चौकात दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची मुलगी, कडक लक्ष्मीचा आसूड ओढणारा पोतराज, नंदीबैलवाला, पहाटेचा वासुदेव, हे सर्व त्या व्याख्येच्या सावलीत येतात. परदेशी वकिलात त्यांना ‘तुमचा व्यवसाय काय’ असे विचारते, तेव्हा ते देणार असलेल्या उत्तराला मायदेशातच कायदेशीर प्रतिष्ठा मिळालेली नाही. पहिली गाठ येथेच पडते.

२०/ आता दुसऱ्या बाजूचा कायदा. अमेरिकेने १९९० च्या स्थलांतर कायद्याने कलावंतांसाठी तात्पुरत्या कामाच्या नव्या व्हिसाश्रेणी निर्माण केल्या. ‘क्यू’ श्रेणी सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांसाठी. तिची मुदत जास्तीत जास्त १५ महिने. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या उद्यानात देशोदेशींच्या दालनांत त्या त्या देशाचे तरुण काम करतात, ते प्रामुख्याने याच वाटेने. म्हणून तिला ‘डिस्ने व्हिसा’ असेही म्हटले जाते.

२१/ लोककलावंतांच्या अधिक उपयोगाची श्रेणी ‘पी-३’. ती ‘सांस्कृतिकदृष्ट्या आगळ्या’ कार्यक्रमासाठी जाणाऱ्या कलावंतांना आणि पथकांना मिळते. अर्ज कलावंताने नव्हे, अमेरिकेतल्या निमंत्रकाने करायचा असतो. सोबत करार, कार्यक्रमपत्रिका, तेथील कामगार संघटनेचे मत, आणि कला अस्सल असल्याबद्दल तज्ज्ञांची पत्रे किंवा वृत्तपत्रांतील परीक्षणे जोडायची असतात. कलावंताला मुदतीआधी कामावरून काढले, तर त्याच्या परतीचा वाजवी खर्च बोलावणाऱ्यावर असतो. १९२२ च्या तत्त्वाचा एवढा अंश येथे शिल्लक आहे.

२२/ खर्चाचा हिशेब असा. एप्रिल २०२४ पासून या अर्जाचे मूळ शुल्क १,०१५ डॉलर, आणि छोट्या किंवा ना-नफा संस्थांना ५१० डॉलर. एका अर्जात जास्तीत जास्त २५ नावे. मंजुरीनंतर वकिलातीत प्रत्येकाचे शुल्क २०५ डॉलर, म्हणजे २५ जणांचे ५,१२५ डॉलर. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. ३० जणांच्या ढोलपथकाला दोन अर्ज करावे लागतात. तिकिटे, निवास आणि मानधन यांचा खर्च याहून निराळा.

२३/ ‘आगळी’ कला म्हणजे कोणती, यावरही वाद झाला. लॉस एंजेलिसच्या स्कर्बॉल सांस्कृतिक केंद्राने अर्जेंटिनातला एक वाद्यवृंद बोलावला. तो पूर्व युरोपातील ज्यूंचे क्लेझ्मर संगीत लॅटिन अमेरिकी चालींशी मिसळून वाजवत असे. मिश्र शैली ‘आगळी’ कशी म्हणावी, असे म्हणत अर्ज फेटाळला गेला. २०१२ मध्ये तेथील अपील यंत्रणेने तो निर्णय फिरवला आणि सांगितले की, दोन परंपरांच्या मिलाफातून घडलेली शैलीही सांस्कृतिकदृष्ट्या आगळी असू शकते.

२४/ मराठी वाचकाला हा निर्णय जवळचा वाटावा. अण्णाभाऊंचे लोकनाट्य हेच मुळी मिश्रण होते. त्यांनी तमाशाचा बाज ठेवला, गणातल्या गणपतीच्या जागी मायभूमीला आणि श्रमणाऱ्यांना वंदन आणले, गवळण गाळली, वगात जमीनदार आणि कामगार उभे केले. ‘अकलेची गोष्ट’ जुन्या कसोटीवर ना शुद्ध तमाशा ठरले असते, ना शुद्ध नाटक. लोककला जिवंत असते तेव्हा ती बदलतच असते. शुद्धतेचा दाखला मागणारा अधिकारी तिला जिवंत असल्याबद्दल दंड करतो.

२५/ सर्वांत अवघड पायरी मुलाखतीची. अर्जदाराला मायदेशी परतायचेच आहे, हे त्याने स्वतः पटवून द्यावे, अशी अमेरिकी कायद्याची अपेक्षा असते. ज्याच्यापाशी पक्की नोकरी, घर, जमीन आहे, त्याला हे सोपे जाते. फिरस्त्या जमातीतल्या कलावंताच्या नावावर सातबारा नसतो, पगारपत्रक नसते. त्याला परत आणणारे बंध वेगळे असतात : गावची जत्रा, देवाचा जागर, सुगीनंतरचा हंगाम, घरचे म्हातारे. त्यांची नोंद कोठल्याही रकान्यात होत नाही.

२६/ येथे शंभर वर्षांतला फरक उघड होतो. १९२२ मध्ये तारण नेणाऱ्याचे होते, आज व्यवहारात तारण म्हणजे कलावंताची मालमत्ता. दोन कायदे दोन देशांचे आहेत आणि त्यांचे हेतूही भिन्न आहेत, हे मान्य. एकाला जाणाऱ्याची काळजी, दुसऱ्याला आपल्या सीमेची. पण परिणाम कलावंताच्या अंगावर एकत्रच पडतो. कलेपेक्षा इस्टेट मोठी ठरते. मग सुखवस्तू घरातला हौशी नर्तक लोककलेचा प्रतिनिधी म्हणून विमानात बसतो आणि पिढीजात कलावंत मागे राहतो.

२७/ भारताच्या बाजूचा नाकाही पूर्ण मोकळा नाही. १९८३ च्या देशांतर कायद्यानुसार दहावी न झालेल्या कामगाराला आखाती देशांसह ठरावीक देशांत कामासाठी जाताना सरकारी मंजुरी लागते. हेतू संरक्षणाचा आहे आणि मजुरांना त्याची गरजही आहे. पण दीड दिवस शाळेत गेलेला ४१ वर्षांचा शाहीर आज मोबदला घेऊन दुबईच्या कार्यक्रमाला निघाला, तर त्याच्या पासपोर्टवर हाच शेरा असण्याची शक्यता मोठी. १९६१ मध्ये अण्णाभाऊंचे वय ४१ होते.

२८/ याला एक रास्त उत्तर दिले जाते. कलापथकाच्या नावाखाली माणसे परदेशी नेऊन सोडण्याचे प्रकार घडले आहेत. उत्तरेत त्याला ‘कबूतरबाजी’ म्हणतात. खोटा ढोलकीवाला एकदा नाहीसा झाला की पुढच्या दहा खऱ्या ढोलकीवाल्यांच्या अर्जावर संशय येतो. तेव्हा तपासणी नको, असे कोणी जबाबदार माणूस म्हणणार नाही. बॅटरसीच्या थंडीत कुडकुडणाऱ्यांनाही कोणी तरी आधी तपासणी करायला हवी होती.

२९/ प्रश्न तपासणी कोणाची, हा आहे. कबूतरबाजीत पैसा दलाल कमावतो, जाळेही तोच विणतो. केवळ अर्जदाराची मालमत्ता तपासली तर दलाल सुटतो, कारण पैसे भरू शकणाऱ्या ‘कबुतराची’ बँक-शिल्लक बहुधा नीटनेटकी असते. अडकतो तो गरीब आणि खरा कलावंत. बोलावणाऱ्याचा पूर्वेतिहास, त्याने आधी नेलेली पथके परतली की नाही, त्याने मोबदला चुकता केला की नाही, ही चौकशी अधिक न्याय्य आहे आणि अधिक उपयोगाचीही.

३०/ दुसऱ्या देशाचा कायदा पुण्यात बसून बदलता येत नाही. पण तीन गोष्टी येथे होऊ शकतात. पहिली निमंत्रकांची. परदेशातील मराठी मंडळांचे जाळे मोठे आहे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून उभे आहे. मंडळांनी कलावंताला मराठीत लेखी करार द्यावा. त्यात मानधन, मुक्काम, विमा आणि परतीचे तिकीट स्पष्ट असावे. आणि मोबदला द्यायचा असेल तर पाहुण्याच्या व्हिसावर ‘जमवून घेऊ’ हा मोह टाळावा. पकडले गेल्यास निमंत्रकाला लाज वाटते, कलावंताची मात्र पुढची दारे बंद होतात.

३१/ दुसरी गोष्ट राज्य सरकारची. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना राज्य मानधन देते. म्हणजे कोण खरा कलावंत, हे पारखण्याची यंत्रणा सरकारपाशी आधीच आहे. तीच नोंद कलावंत तरुण असतानाच का होऊ नये? सांस्कृतिक कार्य संचालनालयाने कला, परंपरा, प्रयोगांचा तपशील आणि गुरुपरंपरा असलेले अधिकृत इंग्रजी-मराठी प्रमाणपत्र दिले, तर वकिलातीच्या खिडकीवर सातबाऱ्याच्या शेजारी ठेवायला दुसरा कागद मिळेल. भीक प्रतिबंधक कायद्यातल्या त्या व्याख्येतून कला वगळणे, हेही राज्याच्याच हातात आहे.

३२/ तिसरी गोष्ट इतिहासप्रेमी तरुणांची, आणि ती सर्वांत स्वस्त आहे. व्हिसाच्या अर्जाला पुरावा म्हणून जे लागते, तेच इतिहासालाही लागते : तारीख, ठिकाण, नाव, छायाचित्र, प्रत्यक्षदर्शीचा वृत्तान्त. किल्ल्यावरच्या शिलालेखाचा ठसा घेणारा तरुण स्वारगेटच्या स्थानकावर उतरलेल्या गोंधळ्याची नोंद सहसा घेत नाही. गावच्या जत्रेतल्या प्रयोगाचे चार परिच्छेदांचे परीक्षण स्थानिक वृत्तपत्रात छापून आले, तर ते उद्या त्या कलावंताच्या अर्जातले सर्वांत वजनदार पान ठरू शकते.

३३/ नोंद करताना काही पथ्ये पाळावीत. कलावंताला विचारून नोंद घ्यावी. त्याचे नाव त्याला हवे तसेच लिहावे, पासपोर्टवरच्या स्पेलिंगशी ते जुळते का पाहावे. वाद्यांची, साथीदारांची, गुरूंची नावे टिपावीत. तारखेशिवाय एकही छायाचित्र ठेवू नये. आणि नोंदीची प्रत कलावंताच्या हाती द्यावी, कारण ती त्याची मिळकत आहे, संग्राहकाची नव्हे.

३४/ बॅटरसीच्या कलावंतांपाशी कागद नव्हता, म्हणून त्यांची परवड झाली. त्यातून धडा घेऊन कागद निर्माण झाला तो त्यांच्या रक्षणासाठी. पुढे तोच कागद परवान्याचा झाला आणि शेवटी संशयाचा. त्याला मूळच्या कामावर परत आणणे म्हणजे नाका पाडणे नव्हे. नाक्यावरच्या शिपायाने प्रश्न योग्य माणसाला विचारावा, एवढीच ही मागणी आहे.

३५/ पुढच्या १ ऑगस्टला सारसबागेजवळ पुन्हा हलगी वाजेल. अण्णाभाऊंना हार घालून परतणाऱ्यांत एखादा तरुण शाहीर असेल, रात्रीच्या एसटीची वाट पाहत स्वारगेटवर बसलेला. त्याच्या आवाजात मॉस्कोपर्यंत पोहोचण्याची ताकद असेलही. ती आहे हे सांगणारा, तारीख घातलेला एक कागद त्या दिवशी कोणी त्याच्या हातात दिला, तर जयंती साजरी झाली असे म्हणता येईल.

(थ्रेड समाप्त)